९८७६५४३२१० चे अवयव पाडताना या चुका टाळा

दहाही अंक उतरत्या क्रमाने एकेकदा मांडले की होतात नऊ अब्ज सत्त्याऐंशी कोटी पासष्ट लाख त्रेचाळीस हजार दोनशे दहा. मूळ अवयव असे: २ × ३ × ३ × ५ × १७ × १७ × ३७९७२१. यातला धोका १७ मध्ये आहे.

आधी ९० ने भागा, उरतात १०,९७,३९,३६९. याला ७, ११, १३ ने भाग जात नाही. १७ ने जातो आणि येतात ६४,५५,२५७. आता हात सवयीने १९ कडे वळतो. वळू देऊ नका, परत १७ नेच भागा: ३,७९,७२१. हा दुसरा १७ निसटला आणि ६४,५५,२५७ लाच मूळसंख्या मानलं, तर विभाजक ७२ ऐवजी ४८ भरतात. एका अवयवाने भाग जात राहील तोवर त्याला सोडायचं नाही.

थांबायचं कुठे, यातही गफलत होते. अख्ख्या संख्येचं वर्गमूळ ९९,३८० च्या थोडं वर आहे म्हणून तिथवर धावू नका. उरलेल्या ३,७९,७२१ चं वर्गमूळ घ्या: साधारण ६१६.२. म्हणजे ६१३ पर्यंतच्या मूळसंख्या तपासल्या की पुरे. एकीनेही भाग जात नाही, म्हणून तीही मूळसंख्याच.

११ ची कसोटी डावीकडून लावली (९ − ८ + ७ − ६…) तर ५ येतात. भाग जात नाही हे बरोबर, पण बाकी ५ नव्हे. बाकी हवी असेल तर एकक स्थानापासून अधिक चिन्हाने सुरुवात करा: −५ येईल, त्यात ११ मिळवून ६. खरी बाकी तीच.

अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. हाच नियम २७ ला लावायचा मोह होतो, पण तसा नियम नाही. १८९९ बघा: बेरीज २७, तरी २७ ने भागल्यावर ९ उरतात.

विभाजकांची बेरीज काढताना १७ दोनदा आहे म्हणून (१ + १७) दोनदा लिहू नका. कंस एकच, (१ + १७ + २८९) = ३०७. तसाच प्रत्येक मूळ अवयवाचा एक कंस: (१ + २), (१ + ३ + ९), (१ + ५), (१ + ३७९७२१). सगळ्यांचा गुणाकार ३ × १३ × ६ × ३०७ × ३७९७२२, उत्तर २७,२७,८४,६९,०३६. ‘स्वतःला सोडून’ असं विचारलं असेल तर मूळची संख्या वजा करायची: १७,४०,१९,२५,८२६.

प्रोग्रॅम लिहीत असाल तर ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये ही संख्या मावत नाही, तिथली मर्यादा २,१४,७४,८३,६४७. बहुतेक कंपायलर फार तर इशारा देऊन १,२८,६६,०८,६१८ साठवतात आणि मग अवयव त्याचेच पडतात. सी मध्ये ‘लाँग लाँग’ वापरा. पायथनमध्ये ही अडचण नाही. अवयव पाडण्याआधी संख्या एकदा छापून बघा. शेवटी शून्याऐवजी ८ दिसला, की घोळ तिथेच झालाय.