दवाखान्याचं बिल कमी करायचंय? भरती होण्याआधी एवढं करा

फुले योजना, आयुष्मान कार्ड, धर्मादाय खाटा, मुख्यमंत्री निधी ही नावं नाशिकमध्ये बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात. तरी घोळ होतोच. पेशंट भरती होतो, घाईघाईत अनामत भरली जाते, आठ दिवसांनी बिल हातात पडतं आणि मग एखादे काका विचारतात, "अरे, योजनेत नाही का बसवलं?" तोवर वेळ गेलेली असते. यातल्या बहुतेक सवलती बिल होण्याआधी मागायच्या असतात. भरलेले पैसे परत मिळण्याची सोय फारच कमी ठिकाणी आहे. म्हणून खालचा क्रम महत्त्वाचा. पहिल्या दोन पायऱ्या तर घरात सगळे ठणठणीत असतानाच उरकून टाका.

पायरी 1: कागद जुळवा

रेशनकार्ड आणि प्रत्येकाचं आधार, दोन्ही समोर घेऊन बसा आणि नावं अक्षरशः एकेक अक्षर ताडून पाहा. आधारवर 'शांताबाई पांडुरंग' आणि रेशनकार्डावर 'शांता पांडू' असं असेल तर ऐनवेळी गाडी तिथेच अडते. लग्न होऊन दहा वर्षं झालेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, नातवाचं कुठेच नाही, हे तर घरोघरी दिसतं. ही दुरुस्ती तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होते, पण एका दिवसात होत नाही. आयसीयूबाहेर बसून तर अजिबात होत नाही.

पूर्वी पांढरं रेशनकार्ड असलेले लोक "आपल्याला काही मिळत नाही" म्हणून हा विषयच सोडून द्यायचे. 1 जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सगळ्या कार्डधारकांना लागू आहे. संरक्षण दर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांचं. आधी ते दीड लाख होतं. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही कपाटातलं ते पांढरं कार्ड शोधून ठेवावं.

याच वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करता येतो. हातात यायला आठ-पंधरा दिवस लागू शकतात आणि धर्मादाय सवलत असो की मुख्यमंत्री निधी, दोन्हीकडे तो मागतात. एका वर्षाचा दाखला साधारण 31 मार्चपर्यंतच चालतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये नवा काढायची सवय लावून घ्या.

पायरी 2: कार्ड काढा, पण योग्य ते

आयुष्मान कार्ड, म्हणजे केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं कार्ड, आणि आभा कार्ड यांची फार गल्लत होते. आभा हा तुमच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याचा क्रमांक आहे. त्यावर एक रुपयाचाही उपचार होत नाही. उपचारासाठी लागतं ते आयुष्मान कार्ड. ते आयुष्मान अ‍ॅपवर किंवा जवळच्या सेवा केंद्रात आधारची पडताळणी करून निघतं. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असला की काम सोपं होतं.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा. ही सोय 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली. यात उत्पन्नाची अट नाही. बंगला असो की चाळीतली खोली, आधारवर वय 70 पूर्ण दिसलं की पुरे. घरातलं कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर या ज्येष्ठांना स्वतःचे वेगळे 5 लाख मिळतात, नातवंडांच्या वाट्यातले नाहीत. खासगी विमा असला तरी हे कार्ड चालतं. केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी आणि माजी सैनिक यांना मात्र आपली जुनी योजना किंवा ही, यातली एकच निवडावी लागते. त्यांनी घाई करू नये, आधी तुलना करावी.

पायरी 3: दवाखाना निवडताना क्रम लावा

रात्री दोनला छातीत कळ आली तर क्रमबीम काही नाही. 108 ला फोन करायचा आणि जवळच्या ठिकाणी पोचायचं. पण हर्निया, गुडघा, मुतखडा, गर्भपिशवी अशी ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर आपल्याकडे वेळ असतो आणि तो वापरायचा असतो.

सगळ्यात आधी सरकारी दवाखाना. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार, तपासण्या, केसपेपर हे सगळं मोफत आहे. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल त्यात येतंच, पण शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय लोकांच्या लक्षातच राहत नाही. हृदय, मूत्रपिंड, कॅन्सर अशा मोठ्या आजारांसाठीच ते आहे. रांग असते, तारीख उशिराची मिळते, हे खरं आहे. पण डॉक्टरांनी "दोन महिने थांबलं तरी चालेल" असं सांगितलेल्या शस्त्रक्रियेसाठी खासगीत लाखभर रुपये मोजण्याआधी तिथे एक चक्कर मारायला काय हरकत आहे? बिटको आणि डॉ. झाकीर हुसेन ही महापालिकेची रुग्णालयं. तिथले नियम महापालिकेचे, तेव्हा शुल्क आधी विचारून घ्या.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी पगाराची स्लिप उघडून पाहावी. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर त्यातून 0.75 टक्के ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, कापले जातात, मालक वरून 3.25 टक्के भरतो. म्हणजे सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात तुमचा आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही हक्क आहे. शिवाय कामगाराला आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकते. महिन्याला पैसे कापून घ्यायचे आणि वर खासगीत रोखीने बिल भरायचं, हा दुहेरी भुर्दंड कितीतरी घरं निमूटपणे सोसतात.

पायरी 4: आरोग्यमित्राला गाठा

खासगीतच जायचं ठरलं तर 155388 या योजनेच्या हेल्पलाइनवर फोन करून तो दवाखाना फुले योजनेच्या यादीत आहे का ते विचारा. आणि दवाखाना यादीत असणं पुरेसं नाही. तुमच्या आजाराची शाखा त्या दवाखान्यात योजनेखाली आहे का, हेही विचारा. हाडांची शस्त्रक्रिया योजनेत होते पण हृदयाची नाही, असं एकाच इमारतीत असू शकतं. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्या खासगीत योजनेतून होणारच नाहीत.

अशा प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, बहुतेकदा प्रवेशद्वाराजवळ किंवा बिलिंगच्या शेजारी. रिसेप्शनला नाही, थेट त्या टेबलाशी जा. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी आणि झालेल्या तपासण्यांचे रिपोर्ट द्या. आरोग्यमित्र नोंदणी करतो, दवाखाना पूर्वमंजुरीसाठी कागद ऑनलाइन पाठवतो आणि मंजुरी आली की उपचार बिनपैशाचे सुरू होतात. तातडीचा पेशंट असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. ही सोय आहे हे काउंटरवर स्वतःहून कुणी सांगेलच असं नाही, आपणच विचारावं.

मंजूर पॅकेजात खाट, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण, घरी जाण्याचं भाडं आणि डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतची औषधं व फेरतपासणी धरलेली असते. म्हणून "हे इंजेक्शन योजनेत बसत नाही, बाहेरून आणा" असं कुणी म्हटलं तर चिठ्ठीवर सही-शिक्का मागा. मेडिकलची पावती जपून ठेवा आणि त्याच दिवशी आरोग्यमित्राला सांगा. त्याने हात वर केले तर पुन्हा 155388. वाद घालू नका, तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. साध्या ओपीडीला, म्हणजे सर्दी-तापाच्या फीला, ही योजना लागत नाही. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

महामार्गावर अपघात झाला तर आणखी एक वाट आहे. 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला केंद्राच्या योजनेतून नेमलेल्या रुग्णालयात पहिल्या 7 दिवसांसाठी दीड लाखापर्यंतचे उपचार रोकडविरहित मिळतात. मुंबई-आग्रा रोडवर रोज ये-जा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

पायरी 5: योजनेत बसलं नाही तर धर्मादाय खाट

ट्रस्टच्या अनेक मोठ्या रुग्णालयांना जागा, कर वगैरेंत सवलती मिळालेल्या असतात. त्या बदल्यात त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत, दुर्बल म्हणजे 3,60,000 पर्यंत. दुसऱ्या गटाला साधारण निम्म्या बिलाची सवलत मिळते. बाहेर रोजंदारीवर जाणारे, रिक्षा चालवणारे, दुकानात काम करणारे बरेचजण यात सहज बसतात, पण मागतच नाहीत.

मागायचं ते रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे, लेखी अर्ज करून, उत्पन्नाचा दाखला जोडून आणि पोच घेऊन. "खाटा भरल्या आहेत" असं उत्तर मिळालं तर तेही लेखी मागा. मग सहधर्मादाय आयुक्त कार्यालयात जा. लेखी मागितल्यावर कित्येकदा खाट निघते, हा सगळ्या समाजसेवकांचा आणि कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. तातडीच्या पेशंटला अनामतीसाठी अडवून ठेवता येत नाही, हेही याच नियमात आहे.

एवढं करूनही रक्कम उरली तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. अर्ज, खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रिपोर्ट लागतात. जिल्हा पातळीवर कक्ष सुरू झाल्यामुळे आता मंत्रालयात हेलपाटे घालायची गरज नाही. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात आणि झालेल्या खर्चाची भरपाई यात मिळत नाही. म्हणजे अर्ज पेशंट खाटेवर असतानाच.

पायरी 6: महिन्याच्या गोळ्या आणि कर

बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर चालतात, तिथे फुले योजना किंवा आयुष्मान कार्ड कामी येत नाही. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात दाखवा. तिथली औषधं ब्रँडपेक्षा 50 ते 80 टक्के स्वस्त असतात. कुठे काय मिळतं ते जनऔषधी सुगम अ‍ॅपवर दिसतं. फिट येऊ नये म्हणूनची किंवा रक्त पातळ करणारी गोळी बदलायची असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि घरात 60 च्या वरचे, विमा नसलेले आईवडील असतील व तुम्ही जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असाल, तर त्यांच्या औषधपाण्यावरचे वर्षाचे 50,000 रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा होतात. कलम 80डी. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह 10,400 रुपये वाचतात. अट एकच, पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. मेडिकलवाल्याला यूपीआयने द्या, पेशंटच्या नावाचं बिल घ्या आणि त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. त्या पातळ कागदावरची शाई मार्चपर्यंत टिकत नाही.