अमेरिकेत आलोय, वय चाळीस, आता शिकायला सुरुवात कुठून करू?

ग्रीन कार्डवर आलेल्या वहिनीला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं की आधी इंग्लिश पक्कं कर मग नोकरीचं बघू, आणि त्या "आधी"मध्येच दोन वर्षं जातात. माझं म्हणणं उलटं आहे, आधी काम कोणतं करायचंय ते ठरवा, इंग्लिश त्याच्या मागनं येतं.

अडल्ट स्कूल किंवा कम्युनिटी कॉलेजमध्ये गेलात की आधी प्लेसमेंट टेस्ट घेतात, बऱ्याच ठिकाणी कासास नावाची असते, वाचायचं आणि ऐकून उत्तर निवडायचं. पास-नापास काही नसतं, फक्त लेव्हल कळते, त्यामुळे रात्र जागून घोकून जाऊ नका, उगाच वरच्या वर्गात बसवतील आणि तिथे तोंडच उघडणार नाही. टेस्ट झाली की एकच विचारा, कामाचं ट्रेनिंग आणि इंग्लिश एकत्र शिकवणारा वर्ग आहे का? वॉशिंग्टन राज्यात आय-बेस्ट म्हणून असा प्रकार आहे, एकाच वर्गात दोन शिक्षक, एक कामाचं शिकवतो, दुसरा भाषेचं बघतो. पेशंटचं ब्लड प्रेशर मोजता मोजता जे इंग्लिश तोंडात बसतं ना, ते ग्रामरच्या पुस्तकातून नाही बसत. नर्सिंग असिस्टंटचं ट्रेनिंग तर फेडरल नियमाने कमीत कमी 75 तासांचं, काही राज्यांत जास्त, मग परीक्षा.

भारतातली डिग्री असेल तर ती माळ्यावर टाकू नका. इव्हॅल्युएशन, म्हणजे ती अमेरिकेतल्या कोणत्या डिग्रीच्या बरोबरीची आहे याची तपासणी, करून घ्या, तपासणारी संस्था नेसेसची, म्हणजे अशा संस्थांच्या संघटनेची, मेंबर आहे ना तेवढं बघा, आणि पुढे शिकायचं किंवा लायसन्स काढायचं असेल तर कोर्स-बाय-कोर्स, म्हणजे विषयवार, रिपोर्टच घ्या. सगळ्यात जास्त वेळ खातं ते आपल्या युनिव्हर्सिटीचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या मार्कांचा अधिकृत उतारा, सीलबंद पाकीट, वर सही-शिक्का, त्यामुळे अजून निघाला नसाल तर निघायच्या आधीच अर्ज टाकून या. तीन वर्षांच्या बीकॉमला काही ठिकाणी चार वर्षांच्या बॅचलरच्या बरोबरीचं धरत नाहीत, मनाची तयारी ठेवा.

शाळा अर्धवट राहिली असेल तर जीईडी, म्हणजे हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा. गणित, सायन्स, सोशल स्टडीज आणि भाषा, चार पेपर, प्रत्येकात 145 लागतात, वेगवेगळ्या दिवशी देता येतात. नावडता आधी उरका.

पैशांसाठी अमेरिकन जॉब सेंटर, म्हणजे नोकरी शोधायला मदत करणारं सरकारी केंद्र. 2014 च्या वायोआ या रोजगार-प्रशिक्षणाच्या कायद्याखाली तिथून ट्रेनिंगची फी मिळू शकते, पण कोर्स राज्याच्या मान्य यादीतला हवा आणि तुमच्याकडे वर्क ऑथरायझेशन, म्हणजे काम करायची परवानगी, हवं. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्याच्या नवरा-बायकोच्या व्हिसावर, असाल आणि ईएडी, म्हणजे वर्क परमिटचं कार्ड, नसेल तर कॉलेजात शिकता येतं, पण पगारी अप्रेंटिसशिप नाही म्हणजे नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या वर्गांत कुठल्या स्टेटसवाल्यांना घ्यायचं यावर 2025 पासून वाद चालू आहेत, म्हणून फॉर्म भरायच्या आधी फोन करा, व्हिसा कोणता ते स्पष्ट सांगा आणि त्याच फोनवर संध्याकाळचा वर्ग आहे का, मुलांना सांभाळायची सोय आहे का हेही विचारून टाका, काही ठिकाणी असते पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.