लिथियम मोजायला बसण्याआधी

ताऱ्यांच्या रासायनिक घडणीवर काम सुरू केलं तेव्हा माझं गणित सोपं होतं. तारा जितका जोरात गरगरणार, तितकं आतलं द्रव्य घुसळून निघणार आणि लिथियम तितकं लवकर संपणार. लिथियम साधारण २५ लाख केल्विनलाच नष्ट होतं. सूर्याच्या पृष्ठभागावर तर जन्मवेळच्या लिथियमचा शंभरावा हिस्साही उरलेला नाही.

मग कृत्तिका या तारकागुच्छातल्या ताऱ्यांचा वेग आणि लिथियम यांचा आलेख काढला. वय जेमतेम १२ कोटी वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात पोरंच. सूर्याहून थंड असलेल्या के वर्गातल्या ताऱ्यांमध्ये चित्र नेमकं उलटं निघालं: वेगाने फिरणाऱ्यांकडेच लिथियम जास्त! मी दोन दिवस स्वतःचा कोड तपासत बसलो. नंतर कळलं, हे १९९३ सालीच छापून आलंय. आधी वाचायला हवं होतं, दुसरं काय.

पण माझे आकडे चुकलेलेही होतेच. वर्णपटात लिथियमची रेषा ६७०७.८ ॲंगस्ट्रॉमला (हे तरंगलांबीचं एकक) आणि लोखंडाची एक बारीक रेषा ६७०७.४ला. तारा सेकंदाला १५-२० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असला की रेषा पसरतात आणि या दोघी एकमेकींत मिसळतात. लोखंडाचा वाटा वजा केला नाही, तर तोही लिथियमच्या खात्यावर जमा होतो. आम्ही वापरायचो त्या प्रोग्रॅमचं नाव मूग. तोही मूग गिळूनच बसतो. रेषेची चुकीची रुंदी (म्हणजे रेषेने किती प्रकाश शोषला त्याचं माप) दिली तरी मुकाट्याने आकडा काढून देतो. म्हणून अशा ताऱ्यांसाठी नुसती रुंदी मोजू नका, तो सगळा पट्टा संगणकाने काढलेल्या कृत्रिम वर्णपटाशी जुळवून बघा.

वर्णपटातून मिळणारा वेग हा खऱ्या वेगाचा आपल्याला दिसणारा भाग असतो. ध्रुव आपल्याकडे करून फिरणारा तारा संथ वाटतो. केप्लर किंवा टेस या अवकाश दुर्बिणींच्या प्रकाशमापनातून परिभ्रमणाचा नव्हे, परिवलनाचा काळ मिळत असेल तर तोच घ्या. (या दोन शब्दांत मी एकदा सादरीकरणातच घोटाळा केलाय.)

तापमानाला फार जपा. १०० केल्विन इकडेतिकडे झाले की लिथियमचं प्रमाण साधारण ०.१ डेक्सने (म्हणजे सुमारे २५ टक्क्यांनी) सरकतं, आणि जोरात फिरणाऱ्या तरुण ताऱ्यांवर इतके डाग असतात की रंगावरून काढलेलं तापमान फसवं निघू शकतं. इथे माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलेली युक्ती कामी आली: ७६९९ ॲंगस्ट्रॉमची पोटॅशियमची रेषाही मोजा. पोटॅशियम ताऱ्यात जळत नाही. तरीही त्याच ताऱ्यांमध्ये ती रेषा कमीजास्त दिसली, तर काही फरक ताऱ्याच्या वातावरणाचा आहे, रासायनिक घडणीचा नाही.

एवढं सगळं गाळूनही कृत्तिकेत थोडा फरक उरतोच. त्याचं मला पटणारं कारण असं: वेगवान ताऱ्यांचं चुंबकीय क्षेत्र तगडं असतं, ते अभिसरणाला (तापलेलं द्रव्य वर आणि थंड द्रव्य खाली जाण्याला) अडवतं, तारा किंचित फुगतो आणि अभिसरण थराचा तळ तुलनेने थंड राहतो. मग लिथियम जळणार कसं?