जावात मेथडला ऑब्जेक्ट मिळतो की त्याचा पत्ता?

फ्रेशरच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो: जावा 'पास बाय व्हॅल्यू' (मेथडला किमतीची प्रत देणं) की 'पास बाय रेफरन्स' (मूळ व्हेरिएबलच हाती देणं)? उत्तर एकच, नेहमी पास बाय व्हॅल्यू. गोंधळ होतो तो ऑब्जेक्टपाशी. व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतोच, असतो त्याचा रेफरन्स, म्हणजे पत्ता. मेथडला मिळते ती या रेफरन्सची प्रत. हीपवरचा, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीतला, ऑब्जेक्ट एकच राहतो.

पाठ करण्यापेक्षा करून बघा. मेनमध्ये 'अ' हा स्ट्रिंगबिल्डर (बदलता येणारा मजकूर) घ्या, त्यात 'पुणे' ठेवा आणि तो मेथडला द्या. तिथे पॅरामीटरचं नाव 'ब'. पहिल्या ओळीत ब ला 'कर' अपेंड करा. दुसऱ्या ओळीत ब मध्ये 'नाशिक' असलेला नवा स्ट्रिंगबिल्डर घाला. तिसरीत पुन्हा 'कर' अपेंड करा. परत आल्यावर अ छापला की 'पुणेकर' येतं. मग नाशिककर गेला कुठे? दुसऱ्या ओळीत ब नव्या ऑब्जेक्टकडे वळला, अ जागचा हलला नाही. मेथड संपताच ब संपला आणि नाशिककर गार्बेज कलेक्टरच्या (न लागणारे ऑब्जेक्ट मेमरीतून काढणाऱ्याच्या) वाट्याला गेला. दोन पॅरामीटरची अदलाबदल करणारी 'स्वॅप' मेथड फसते तीही यामुळेच.

ॲरेत मात्र नजर चुकते. शून्याव्या खणात ५ भरताना नवा ऑब्जेक्ट घालताना असतं तेच बरोबरचं चिन्ह (=) असतं, तरी बदल बाहेर दिसतो. कारण बदलला तो ॲरेचा खण, पॅरामीटर नव्हे.

स्ट्रिंग आणि इंटिजर बदलत नाहीत म्हणून अनेकजण त्यांना वेगळा नियम लावतात. नियम तोच आहे, फक्त हे ऑब्जेक्ट इम्युटेबल, म्हणजे एकदा बनल्यावर न बदलणारे, आहेत. कॉन्कॅट (स्ट्रिंग जोडणारी मेथड) नवी स्ट्रिंग परत देतं. ती धरून ठेवली नाही तर गेली. इंटिजरला प्लस-प्लस केलं की पॅरामीटरमध्ये दुसरा इंटिजर येऊन बसतो. बदललेली किंमत हवी असेल तर सरळ रिटर्न करा.

पॅरामीटरला फायनल लावलं तर नवा रेफरन्स घालता येत नाही, पण लिस्टमध्ये ॲड खुशाल चालतं.

नोकरीत खरा त्रास देतो तो कन्स्ट्रक्टर. बाहेरून आलेली लिस्ट तशीच फील्डमध्ये ठेवली की देणाऱ्याने नंतर तिच्यातून काही काढलं तरी तुमचा डेटा बदलतो. तिथे नवी ॲरेलिस्ट करून प्रत घ्या, किंवा जावा १० पासून असलेलं लिस्ट-डॉट-कॉपीऑफ वापरा. त्यात नल (कुठल्याच ऑब्जेक्टकडे न नेणारा रेफरन्स) चालत नाही, लगेच नलपॉइंटरएक्सेप्शन येतं. दोन्ही प्रती वरवरच्या असतात: लिस्ट वेगळी झाली, तरी आतले ऑब्जेक्ट दोघांचे तेच.