बारा रुपयांची उचल
गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये फॉर्म केला होता. पहिलंच दहा दिवसांचं बिल निघालं आणि एका शेतकऱ्याच्या १२,५०० रुपयांच्या उचलीपोटी कापले गेले फक्त १२ रुपये. शेतकरी खूश, केंद्रावरचे अण्णा लालेलाल. चूक माझीच. मजकुरातून पूर्णांक वाचणारं पार्सइंट स्वल्पविरामापाशी थांबतं आणि पुढचं मुकाट्याने टाकून देतं.

तेव्हापासून आकड्याच्या रकान्याला मी ‘टाइप टेक्स्ट’ ठेवतो, सोबत ‘इनपुटमोड डेसिमल’, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचाच कीबोर्ड येतो. ‘टाइप नंबर’ नको, कारण न पटलेला मजकूर तो रिकामा म्हणून हातात देतो. मग माणसाने काय लिहिलं होतं ते कळणार कसं?

आलेला मजकूर आधी ट्रिम करा, म्हणजे दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढा. रिकामा निघाला तर तिथेच थांबा. मजकुराचा आकडा करणारं नंबर() रिकाम्या मजकुराचा शून्य करतं, आणि ‘दूध आलंच नाही’ व ‘नोंद राहिली’ यांत बिलाचा फरक पडतो.

पुढे देवनागरी अंक. अण्णा मराठी कीबोर्ड वापरतात आणि ‘३.५’ दिलं की नंबर() नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर देतं. (पायथन या भाषेतलं इंट() मात्र ‘३५’ बिनतक्रार वाचतं.) अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ० ते ९ हे २४०६ ते २४१५ वर ओळीने बसलेत. प्रत्येक अंकाच्या कोडमधून २४०६ वजा केले की काम झालं.

स्वल्पविराम फक्त रुपयांच्या रकान्यात काढा. दुधाच्या फॅटच्या रकान्यात कुणी घाईत ‘३,५’ लिहिलं आणि तुम्ही स्वल्पविराम पुसलात, तर फॅट ३५ होईल! तिथे सरळ नकार द्या.

आता पूर्ण मजकूर रेगेक्सने, म्हणजे ठरवलेल्या साच्याने तपासा: अंक, हवा तर एक टिंब, पुन्हा अंक, बाकी काही नाही. हे टाळलंत तर ‘१ई५’ इंग्रजी अक्षरांत आल्यावर नंबर() त्याचे आनंदाने एक लाख करतं. त्यानंतरच नंबर() वापरा, आणि रुपये असतील तर १०० ने गुणून, मॅथ.राउंडने जवळच्या पूर्णांकात आणून पैशांत साठवा.

फॅटची मर्यादा जनावरानुसार ठेवा. गाईला आणि म्हशीला एकच पट्टी चालत नाही. हीच सगळी तपासणी सर्व्हरवर पुन्हा करा, ब्राउझरमधली कुणीही बंद करू शकतं.

आणि ‘अवैध इनपुट’ असलं काही दाखवू नका. माझा फॉर्म आता विचारतो: “गाईचं फॅट ३५ लिहिलंय, ३.५ म्हणायचंय का?” स्वतःहून मात्र बदलत नाही. ते अण्णांनीच करायचं.