हॉर्न वाजत नाही? नकाशातली एकच वाट धरा

गाडीचा वायरिंग डायग्राम, म्हणजे तारांचा नकाशा, अख्खा वाचायचा नसतो. जे बंद पडलंय त्याची एकच वाट शोधायची आणि त्यावरून बोट फिरवायचं: बॅटरीचा प्लस, फ्यूज, स्विच किंवा रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच), हॉर्न, अर्थिंग (गाडीच्या लोखंडी बॉडीला जोड), परत मायनस. मी शिकवताना हॉर्नच घेतो, कारण त्यात सगळं येतं आणि पसाराही कमी.

नकाशा आपल्याच मॉडेलचा आणि सालाचा हवा. रेघा एकमेकींवरून गेल्या म्हणून जोडलेल्या नसतात. ठिपका असला तरच जोड. स्विच आणि रिले बंद अवस्थेतच काढलेले असतात. वायरच्या रंगात पहिलं अक्षर मूळ रंगाचं, दुसरं वरच्या रेघेचं. जर्मन गाडीत मात्र अक्षरंही जर्मन: ‘एसडब्ल्यू’ काळी, ‘बीआर’ तपकिरी, आणि तपकिरी बहुधा अर्थिंगची.

रिलेवर आकडे असतात. ८५ आणि ८६ म्हणजे आतली कॉइल. ३० वर प्लस येतो, ८७ वरून हॉर्नकडं जातो. बटण बहुतेक गाड्यांत कॉइलला प्लस नाही, अर्थिंग जोडतं. हे कळलं की निम्मं काम झालं.

आधी फ्यूज बघा. तो चांगला असेल तर रिले उपसा, मल्टीमीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला धरा. सॉकेटात ३० वर आणि कॉइलच्या एका टोकाला बारा-साडेबारा व्होल्ट यायला हवेत (काही गाड्यांत चावी फिरवल्यावर). नाही आले तर मागं फ्यूजकडं चला. आले तर फ्यूज लावलेल्या जंपर वायरनं ३० आणि ८७ क्षणभर जोडा. हॉर्न वाजला तर दोष रिलेत किंवा बटणाच्या बाजूला. बटणाकडं गेलात तर स्टिअरिंग स्वतः उघडू नका, तिथं एअरबॅग असते. तिच्या पिवळ्या कनेक्टरला तर मीटरसुद्धा लावायचं नाही. तेवढं मेकॅनिककडं न्या, त्यात कमीपणा नाही.

जंपर लावूनही गप्पच? हॉर्नच्या प्लगवर, जंपर असतानाच, बारा व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर मधली वायर तुटली. येत असतील तर हॉर्न किंवा अर्थिंग. आमच्या बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी भागात पावसाळा असा की मी हॉर्न विकत घ्यायच्या आधी अर्थिंगच बघतो. जंपर तसाच ठेवून हॉर्नच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्ट मोजा. पाव व्होल्टच्या आत असेल तर ठीक, खरं एक-दोन व्होल्ट दिसले की समजा गंज चढलाय. हॉर्नमधून करंटच जात नसेल तर मात्र मीटर शून्य दाखवतं, तेव्हा हॉर्नच गेला.

गंज असेल तर बॅटरीचा मायनस काढा, अर्थिंगचा नट सोडवा, लोखंड चकाकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, आवळा आणि वरून ग्रीस थापा.