झेरॉक्सवर कोडची प्रिंट काढाले जाताय? आधी घरी एवढं करा

बीसीए, बीएस्सीच्या पोट्टेहो, प्रॅक्टिकल फाईल जमा करायची वेळ आली की आपण पेनड्राईव्हमध्ये नुसत्या कोडच्या फाईली टाकून एसटीनं तालुक्याला जातो, दुकानातला भाऊ त्या साध्या नोटपॅडमध्ये उघडते अन् प्रिंट मारते, मग कीवर्ड (if, for सारखे भाषेचे ठरलेले शब्द) कोणता, कमेंट (समजावून सांगायची टीप) कोणती काही समजत नाही. असं नका करू, घरूनच पीडीएफ बनवून न्या.

सगळ्यात सोपं नोटपॅड प्लस प्लस, कोड लिहायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेस, त्यात प्रिंट. लाईन नंबरवर टिक करा, व्हायव्हात सरांनी एखादी ओळ विचारली तर लगेच बोट ठेवता येते. त्याच्याखाली कलरचे पर्याय आहेत, इथंच गडबड होते. विझीविग ठेवलं तर स्क्रीनवरचेच रंग जातात, पण दुकानातला लेझर प्रिंटर असते ब्लॅक अँड व्हाईट, सगळ्या रंगांचा करडा होते, अन् नोटपॅड प्लस प्लसमध्ये स्ट्रिंग (अवतरणचिन्हातला मजकूर) तर मुळातच करड्या, त्या प्रिंटचा पुन्हा झेरॉक्स मारला की वाचताच येत नाही. म्हणून ब्लॅक ऑन व्हाईट घ्या. रंग जाते पण कीवर्ड ठळकच राहते, कागदावर तेच कामाचं आहे. मग प्रिंट दाबून प्रिंटरच्या जागी मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडा, झालं.

व्हीएस कोड हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांनी फाईल मेनूत प्रिंट शोधत बसू नका, तिथं नाहीच. कोड कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट करा, रंगासकट येते. फक्त आधी थीम लाईट करा बरं, डार्क थीममधून कॉपी केलं तर मागचा काळा रंगही सोबत येते अन् पान पूर्ण काळं, टोनर गेला अन् पैसेही गेले.

पायथॉन येत असेल तर पिगमेंट्स पाहा, कोडला रंग अन् ठळकपणा देणारी लायब्ररी आहे, पिपनं (पायथॉनचा इन्स्टॉलर) टाकता येते. त्यात बीडब्ल्यू नावाची स्टाईल खास काळ्या-पांढऱ्यासाठीच आहे, कीवर्ड ठळक अन् कमेंट तिरप्या.

आणखी एक, लांब ओळी. ए4 उभा कागद, कुरियर 10 पॉइंट, दोन्हीकडं 1 इंच सोडला तर एका ओळीत साधारण 75 अक्षरं बसतात, त्याच्यावर गेलं की ओळ तुटून खाली येते अन् इंडेंटेशनचा (ओळीआधी सोडलेल्या जागेचा) पार सत्यानाश. टॅब 8 अक्षरांचा असेल तर 4 चा करा. डावीकडची जागा मात्र कमी करू नका, पंचिंग तिथंच होते, लाईन नंबरच छिद्रात जातात.